राजाबाई टॉवर आणि एक स्टंप

प्रश्न थोडक्यात असा: राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात. तीन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्सच अजून वापरता. जमिनीलगत बसून शहराचे, उंच इमारतींचे भारदस्त फोटो काढायची आवड. पण आता सगळे फोटो एकाच साच्यातले वाटतात, इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. मोठी वाइड (एका चौकटीत जास्त रुंद दृश्य मावणारी) लेन्स घ्यावी का? आणि नोकरी-संसार सांभाळून ही हौस टिकवायची कशी?

लेन्सचं आधी सांगून टाकते: आत्ता घेऊ नका. पैसे कुठे पळून जात नाहीत.

मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. एका कॉलेजात हिशेबनीस होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. सत्तावीस वर्षं कॅमेरा गळ्यात आहे आणि त्यातली निम्मी तरी मी मुंबईच्या फुटपाथवर उकिडवी बसून काढली आहेत. त्यामुळे जे सांगते ते गुडघ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे असं समजा.

तुमचे फोटो एकसारखे येतात, कारण जे आधीच उंच आहे त्याला तुम्ही आणखी उंच करायला बघताय. राजाबाई टॉवर, म्हणजे ओव्हल मैदानासमोरचा घड्याळाचा मनोरा, ८५ मीटर उंच आहे. तुम्ही उभे राहून फोटो काढलात काय आणि मैदानात पालथं पडून काढलात काय, कॅमेरा खाली आला तो जेमतेम दीड मीटर. टॉवरला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो दोन्ही फोटोंत सारखाच दिसणार. दीड मीटरने सगळं बदलतं ते जवळच्या वस्तूचं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

सपाट जागी क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीवर असतं. तुम्ही उभे असाल तर दीड मीटरपेक्षा बुटकं सगळं क्षितिजाच्या खाली राहतं, म्हणजे जमिनीत मिसळून जातं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर आणलात की वीतभराहून उंच जे जे असेल ते क्षितिज ओलांडून आभाळात घुसतं. गेटवेसमोरचं कबुतर जेमतेम वीतभर उंच. उभ्याने काढलेल्या फोटोत ते फरशीवरचा करडा ठिपका असतं. कॅमेरा फरशीला टेकवा, तेच कबुतर २६ मीटरच्या गेटवेच्या कमानीसमोर छाती काढून उभं राहतं.

आता हिशेब सांगते, सवय जात नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, म्हणजे एपीएस-सी आहे असं धरते. लेन्स १८ मिमीवर, म्हणजे तिच्या सगळ्यात रुंद टोकाला, कॅमेरा उभा धरलेला, आणि वर न कलवता अगदी सरळ. अशा वेळी चौकटीत लेन्सच्या वर जेवढी उंची मावते ती तुमच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांश असते. ८५ मीटरचा टॉवर पूर्ण हवा असेल तर सुमारे १३० मीटर मागे जायला हवं. ओव्हल मैदानात तेवढी जागा आहे. आणि त्याच जागी, लेन्सपासून जवळजवळ अडीच हात पलीकडे क्रिकेटचा स्टंप रोवलेला असेल तर? स्टंप ७१ सेंटिमीटर. एक मीटर आणि वर चार बोटं अंतरावर तो चौकटीत बरोबर राजाबाई टॉवरएवढा होतो.

कॅमेरा कलवलेला नाही, म्हणून टॉवरच्या रेषाही ताठ राहतात. जमिनीलगत कॅमेरा ठेवणं आणि कॅमेरा वर कलवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची (आणि पहिली सहा-सात वर्षं माझीही) गल्लत तिथेच होते. खाली बसलं की मान आपोआप वर जाते, मानेबरोबर कॅमेरा जातो. मग सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, इमारतीचं डोकं पायापेक्षा लांब पडतं आणि कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. यात लेन्सचा दोष नसतो. फोनवर काढा, हेच होईल.

सरळ कॅमेऱ्याची किंमतही मोजावी लागते: खालची अर्धी चौकट जमिनीला जाते. ती नंतर कापायची, किंवा तिथे दाखवण्यासारखं काही शोधायचं. माझ्या चांगल्या फोटोंपैकी बरेचसे हा दुसरा पर्याय शोधताना मिळाले आहेत. पावसाळ्यात डबकं सापडलं तर सोन्याहून पिवळं; उरलेल्या अर्ध्या चौकटीत तीच इमारत उलटी मावते.

कलवायचंच असेल तर मात्र भिऊन कलवू नका. जरासा झुकलेला टॉवर चूक वाटतो, भरपूर झुकलेला मुद्दाम केलेला वाटतो. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात वरचा भाग ताणला जातो आणि बाजू कापल्या जातात, तेव्हा फोटो काढतानाच चहूकडून मोकळी जागा सोडा. पूर्ण सरळही करू नका. आपला डोळा वर बघताना थोडा निमुळतेपणा गृहीत धरतो. तो सगळा काढून टाकला की इमारत डोक्याकडे रुंद होत गेल्यासारखी विचित्र दिसते.

फोकसचं एका ओळीत: १८ मिमी, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ ८, फोकस दोन मीटरवर. मग एक मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. स्टंप अगदी त्या सीमेवर आहे म्हणून मी एफ ११ घेते.

हा फोटो मी कल्पनेतून सांगत नाही, पण तो मिळायला मला तीन हिवाळे लागले. राजाबाई टॉवरची मैदानाकडची बाजू पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर टॉवर काळपट आणि मागून ऊन. (सकाळी ओव्हलच्या दुसऱ्या बाजूला पाठ न फिरवता बघा, तिथल्या आर्ट डेको इमारतींची तोंडं पूर्वेला आहेत आणि त्या वेळी त्यांचे गोल सज्जे लोण्यासारखे दिसतात.) टॉवरसाठी संध्याकाळच हवी. पहिल्या वर्षी मी चारला जायचे. ऊन पाठीशी, त्यामुळे माझी स्वतःचीच सावली स्टंपवर पडायची. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की थोडं थांबलं तर पश्चिमेकडच्या झाडांची आणि इमारतींची सावली मैदानावर पसरते, जमीन सावलीत जाते आणि टॉवरवर अजून ऊन असतं. स्टंप काळा, त्यामागे दगड पेटल्यासारखा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ही वेळ पाच-सव्वापाचपासून जेमतेम वीस मिनिटं टिकते. तिसऱ्या वर्षी वेळ जुळली, पण स्टंप ज्यांचे होते ती पोरं खेळ आवरायच्या घाईत होती. त्यातला यष्टिरक्षक, असेल दहा-अकरा वर्षांचा, स्टंप उपटायला वाकला आणि माझ्याकडे बघून थांबला. "आंटी, काढू का नको?" म्हणाला. मी बटण दाबलं ते त्याच क्षणी. फोटोत त्याचा हात स्टंपवर आहे आणि मागे घड्याळाचा मनोरा, जणू पुढचा नंबर त्याचाच. मी स्टंपसाठी तीन वर्षं गेले होते. भिंतीवर आहे तो त्या हातासाठी.

तर विषय टॉवर नाही. मोठ्या वस्तूला आणखी मोठं करणारे फोटो खूप झाले. लोअर परळच्या तीन गगनचुंबी इमारतींमध्ये उभं राहून सरळ वर काढलेला फोटो मी स्वतः चाळीसदा काढला असेन, आणि आज त्यातला एकही दुसऱ्याच्या फोटोपासून वेगळा ओळखू शकणार नाही. खालून काढण्याची खरी ताकद ही की ती लहानाला मोठ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं करते. म्हणून आधी जवळ काय आहे ते बघा आणि मागे काय येतंय ते नंतर.

ही काही नवी गोष्ट नाही. रशियातला अलेक्झांडर रोदचेन्को १९२०च्या दशकात हेच भांडण भांडत होता. बेंबीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोंचा त्याला उबग आला होता. बेंबी सोडून कुठूनही काढा, असं तो म्हणे. १९२५मध्ये त्याने मॉस्कोतल्या इमारतीच्या बाल्कन्यांची आणि आगीच्या शिडीची छायाचित्रं थेट खालून काढली. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की ती इमारत तो राहायचा तीच होती. नाट्यमय फोटोसाठी कुठे लांब गेला नाही, जिन्याखाली उतरला. तुमच्या डोंबिवलीच्या इमारतीचा जिना, त्याच्या जाळीतून येणारं ऊन, तिसऱ्या मजल्यावरून दोरीने खाली सोडलेली पिशवी, हे तुम्ही कधी काढलंय?

शिवाय आपल्याला मान वर करून बघायची सवय लहानपणापासून आहे. दहीहंडीचे सात-आठ थर बघतो ते खालूनच, लालबाग-परळचे उंच गणपती बघतो तेही खालूनच. फक्त त्या गर्दीत आपण थरांकडे कॅमेरा लावतो आणि तळाच्या थरातल्या माणसाच्या पोटऱ्या विसरतो. सगळं वजन तिथे असतं. मात्र थरांच्या अगदी खाली किंवा लगत शिरू नका, माणसं पडतात तेव्हा बघायला वेळ नसतो. लांबून, पण कॅमेरा कमरेखाली ठेवून काढा.

वेळेबद्दल मुंबईपुरतं सांगते. मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणून मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला असे वर्षातून दोनदा दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ते शून्य सावलीचे दिवस. तेव्हा भिंतींवर ऊन पडत नाही, वर बघितलं तर लेन्समध्ये सूर्य. मे महिन्यात दुपारी कॅमेरा घेऊन बाहेर पडणं म्हणजे घामाचं प्रदर्शन. डिसेंबरात मात्र दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य दक्षिणेकडे ४७-४८ अंशांवरच असतो, दक्षिणेकडच्या भिंतींवर छान तिरपं ऊन येतं. म्हणजे तुमच्या जेवणाच्या सुट्टीतलं ऊन हिवाळ्यात कामाचं आहे. आधी डबा संपवा मात्र.

पावसाळ्यात अडचण वेगळी. आभाळ पांढरंफटक, आणि खालून काढताना निम्म्या चौकटीत तेच. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्याला फसतो, इमारत कोळशासारखी येते. एक्स्पोजर वाढवलं की आभाळ कोरं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, उजळ भाग सांभाळून अंधार नंतर उचला, हे खरंच. पण कोऱ्या आभाळात वाचवण्यासारखं असतंच काय? मी ते झाकते. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानदार पदपथांखाली, उड्डाणपुलाच्या पोटाखाली, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे छत्र्यांखाली. संध्याकाळी सहाला व्हीटीसमोर (नाव बदललं, जिभेचं वळण नाही) सिग्नलला थांबलेल्या माणसांच्या छत्र्यांनी आभाळ आपोआप काळं होतं आणि दोन छत्र्यांच्या फटीतून घुमट दिसतो.

ती इमारत मी अजून संपवू शकलेले नाही. १८७८ ते १८८८, दहा वर्षं बांधत होते. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची १८९३ची इमारतही त्याचीच. सगळे घुमटाकडे बघतात. तुम्ही फाटकाच्या खांबांवरचे प्राणी बघा: एकावर सिंह, तो ब्रिटनचा, दुसऱ्यावर वाघ, तो हिंदुस्थानचा. वाघ जवळ आणि घुमट मागे घेतला, तर कोण कुणापेक्षा मोठं ते तुमच्या पायांवर ठरतं. दोन पावलं पुढे, वाघ मोठा. दोन पावलं मागे, घुमट. लेन्स बदलून हे होत नाही. दोन वस्तूंच्या आकाराचं नातं अंतराने ठरतं; वाइड लेन्स फक्त जवळ जायची मुभा देते. तुमच्या लेन्सने अजून पुरेसं जवळ गेलेला नाहीत, म्हणून नको म्हटलं. फारच खाज असेल तर फोनमधला अल्ट्रावाइड कॅमेरा महिनाभर वापरून बघा. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खालच्या कडेला येते आणि अक्षरशः जमिनीला टेकते. कडेला माणूस आला तर त्याचं डोकं दुधीभोपळ्यासारखं ताणलं जाईल, तेव्हा माणसं मधे ठेवा.

माणसांवरून एक आठवण. फोर्टात एका जुन्या इमारतीला परांची बांधत होते. मी खाली बसून एका बांबूवाल्याचा फोटो काढला. पाय बांबूत अडकवलेले, मागे आभाळ, मला वाटलं झाला आपला पुतळा. उतरल्यावर त्याला पडद्यावर दाखवला. त्याने नीट बघितला आणि म्हणाला, "म्याडम, ह्यात माझं तोंड कुठंय?" खरंच नव्हतं. हनुवटी होती, नाकपुड्या होत्या. अगदी पायाशी बसलं की माणसाचा चेहरा जातो आणि फक्त रुबाब उरतो. तेव्हापासून माणूस असेल तर मी तीन-चार पावलं मागे सरकते, कॅमेरा त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवते आणि तो खाली बघेल त्या क्षणाची वाट बघते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याचा तसा फोटो काढला, प्रिंट नेऊन दिली.

आणि हे बाईमाणूस म्हणून स्पष्टच सांगते. रेल्वे पुलाचे जिने, सरकते जिने, चाळीच्या गॅलऱ्या, इथे खालून वर कॅमेरा रोखलेला पुरुष दिसला की आम्हाला इमारतीचं सौंदर्य सुचत नाही. तुमचा हेतू कितीही शुद्ध असो, वर बायका असतील तर कॅमेरा खाली. चाळीच्या चौकातून वर काढायचं असेल तर आधी कुणाला तरी विचारा, वाळत घातलेले कपडे हे कुणाचं तरी घर आहे. नौदलाच्या आवाराकडे कॅमेरा वळवू नका. स्टेशनात ट्रायपॉड उघडू नका, हटकतील आणि तुमची लोकल चुकेल. रस्त्याच्या कडेला बसताना पाठ खांबाला लावून बसा; खाली बसलेला माणूस मागे येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, हे मी ढोपर सोलून शिकले.

सामानाचं थोडं. एसी लोकलमधून उतरल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरतं, पुसत बसू नका, दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या. पावसाळ्यात लेन्स कपाटात, कातडी पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. माझी एक चांगली लेन्स तशीच गेली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, पुरे.

आता टिकवायचं कसं. तुम्ही रोज फोर्टात जाता हे तुमचं भाग्य आहे आणि तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलंय. रविवारी डोंबिवलीहून पुन्हा तीच गाडी पकडून मुंबई "कव्हर" करायला जाऊ नका. घरच्यांचा रविवार जातो, आणि एका दिवसात गेटवे, मरीन ड्राइव्ह, सी लिंक करून आलेल्या माणसाकडे तीन बरे फोटो असतात, तिन्ही आधी बघितलेले. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं आधीची गाडी पकडा आणि कचेरीपासून चालत पाच मिनिटांवरची एकच जागा वर्षभर धरा. माझी जागा हुतात्मा चौक होती, चार वर्षं. एका बाजूला १८६४चं फ्लोरा फाउंटन, दुसऱ्या बाजूला मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. पहिले दोन महिने मला पुतळेच दिसत होते. मग सकाळी कारंज्याजवळची फरशी धुणारी बाई दिसायला लागली, तिच्या बादलीतल्या पाण्यात मशाल दिसते हे सातव्या महिन्यात कळलं. २१ नोव्हेंबरला हुतात्म्यांना पुष्पचक्रं वाहायला लोक येतात. तिसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ वाकून फुलं ठेवत होते, मी जमिनीवर होते, आणि त्यांचा थरथरता हात आणि वरची दगडी मूठ एका रेषेत आली. पहिल्या वर्षी गेले असते तर कुठे बसायचं हेच मला कळलं नसतं.

महिन्याला एक फोटो छापून घ्या, निदान आठ बाय बाराचा. पडद्यावर सगळंच चकचकीत दिसतं. कागद भिंतीला लावून आठवडाभर येता-जाता बघितला की त्यातली खोट आपोआप टोचायला लागते. आणि एखादं माणूस असं ठेवा जे तोंडावर "यात काय आहे?" विचारेल. माझ्याकडे ते काम आमची धाकटी जाऊबाई करते. तिला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, आणि तिचा अंदाज क्वचितच चुकतो.

सुरुवात म्हणून येत्या आठवड्यात एवढंच करा. कचेरीजवळची, जमिनीवर ठेवलेली, गुडघ्याहून बुटकी एखादी वस्तू निवडा: चहावाल्याची किटली, बूटपॉलिशवाल्याची पेटी, काहीही. विचारून तिच्यापासून हातभर अंतरावर कॅमेरा जमिनीला टेकवा, सरळ ठेवा, कलवू नका. मागे काय येतंय ते बघत तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. चहा घ्या, पैसे द्या. आणि गुडघ्याखाली घालायला घरून जुनं बसकर न्या. फोर्टातल्या पेव्हर ब्लॉकच्या कडा फार लागतात.